फसलं तर काय हातात येतं, ते बी लिही की

भावा, लायब्ररी (दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) झकास बनवायलास, पण डॉकमध्ये, म्हणजे ती कशी वापरायची त्या माहितीत, सगळं नीट झालं तर काय मिळतं एवढंच लिहिलंयस, फसलं तर काय त्याचा पत्ताच नाही. मग लातूरला बसलेलं एखादं पोरगं रात्री तुझा सोर्स कोड उकरत बसतंय अन् तुला शिव्या घालतंय, मी बी घातल्यात म्हणून सांगतो. पायथन भाषेचं बघ, स्ट्रिंगमध्ये (मजकुरात) शब्द सापडला नाही तर फाइंड फंक्शन -१ देतं अन् इंडेक्स फंक्शन व्हॅल्यूएरर नावाची एरर फेकतं, काम एकच पण दोन्हीचं डॉकमध्ये स्पष्ट लिहिलंय म्हणून भांडण नाही. सी भाषेचं एटॉय, म्हणजे मजकुरातला आकडा काढणारं फंक्शन, मात्र लै घोळ, "०" दिलं तरी ० अन् "अबक" दिलं तरी ०, आता ओळखा! तेच काम करणारं स्ट्रटॉल बरं, मजकुरात कुठं थांबलं ते पॉइंटरनं (जागा दाखवणाऱ्या खुणेनं) कळतंय, आकडा मावला नाही तर एररनोमध्ये (एररचा नंबर ठेवायच्या जागेत) ईरेंज, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर, फक्त आधी एररनो स्वतः शून्य करायचा, अन् हे असलं "आधी काय करायचं" लिहायलाच सगळे विसरतात. अजून एक, लायब्ररी फाइल लिहिता लिहिता मधीच फसली तर अर्धवट फाइल मागं राहते का, अन् ती साफ कोण करणार, तू का वापरणारा? एरर मेसेजचे शब्द मात्र डॉकमध्ये टाकू नको, लोकं आपल्या कोडमध्ये त्यावरच इफ (अट) लावतात, मग बदलता येत नाही.