क्वार्टेट म्हणजे पळवाट का?

"एकटीनं उभं राहायची भीती वाटते, म्हणून ही आता चौघांत लपते," आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. मुलगी 17 वर्षांची. पाचव्या वर्षापासून पाश्चात्त्य अभिजात व्हायोलिन शिकतेय. 12 वर्षं रोजचा सराव, परीक्षा, स्पर्धा. आणि आता म्हणत होती, कन्चर्टो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीनं एकटीनं वाजवायच्या रचना, पुरे झाले, मला स्ट्रिंग क्वार्टेटच वाजवायचं आहे: दोन व्हायोलिन, व्हायोला आणि खर्जातला चेलो, असे चौघं. त्यातही दुसरं व्हायोलिन, बहुतेक वेळा पहिल्याला साथ देणारं! (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांकडून ही काळजी मी वरचेवर ऐकते. पहिल्या भेटीत तर मलाही आईंचंच पटलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मुलगी मधेच पुढचं विसरली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि त्याच जागी परत अडली. तेव्हापासून एकटी वाजवायला उभी राहिली, की संथ भागात तिचा गज थरथरायचा. घाबरल्यावर बोटं गज आवळून धरतात, आणि सावकाश ओढलेल्या लांब सुरात ती थरथर झाकता येत नाही.

पुढच्या भेटीत मी तिला क्वार्टेटमधली तिची प्रत आणायला सांगितली. पानभर पेन्सिलीच्या खुणा. एका 'एफ शार्प'वर खाली जाणारा बाण, दोन ओळींनंतर त्याच सुरावर वर जाणारा. हे काय, म्हणून विचारलं तर डोळे चमकले तिचे.

"इथे चेलो 'डी' धरतो. त्याच्यावर माझा सूर नीट बसायचा तर तो किंचित उतरता घ्यावा लागतो. तिथे मात्र माझा सूर 'जी'कडे निघालाय, म्हणून थोडा चढा. एकटी वाजवायचे तेव्हा हे मला ऐकूच यायचं नाही."

लपायला निघालेली मुलगी असं बोलत नाही. शिवाय क्वार्टेटमध्ये लपायला जागा असते कुठे? ऑर्केस्ट्रात व्हायोलिनची एकच ओळ कितीतरी जण मिळून वाजवतात. इथे प्रत्येक ओळीला एकच माणूस. तिचा गज तिथेही एकदा थरथरला होता, आणि तरी दुसऱ्या दिवशी ती तालमीला हजर होती. तेव्हा माझं मत बदललं. भीती खरी होती आणि ओढही खरी होती, पण एकीतून दुसरी आली नव्हती.

भीतीवर आम्ही वेगळं काम केलं. तिच्या शिक्षकांच्या मदतीनं रचनेचे टप्पे पाडले. चिठ्ठी काढायची आणि निघेल त्या टप्प्यापासून न बघता वाजवायचं. अडलं तर मागे जायचं नाही, पुढचा टप्पा धरायचा. जिने चढून यायचं आणि छाती धडधडत असतानाच लांब गज ओढायचा. आधी एका माणसासमोर, मग तिघांसमोर, मग दहांसमोर. थरथर पूर्ण गेली नाही. थरथरीसकट शेवटपर्यंत पोचायला मात्र ती शिकली.

आईंशी बोलणं जास्त अवघड गेलं. 'दुसरं' हा शब्दच त्यांना टोचत होता. मी त्यांना योझेफ योआखिमबद्दल सांगितलं. संगीतकार ब्राम्सचा व्हायोलिन कन्चर्टो 1879 मध्ये पहिल्यांदा वाजवणारा हा वादक 1869 पासून स्वतःचं क्वार्टेटही चालवत होता. मोत्सार्टसुद्धा मित्रांबरोबर क्वार्टेटला बसला, की व्हायोला, म्हणजे मधली ओळ वाजवायचा. आई शांतपणे ऐकत राहिल्या, पण चेहरा तसाच. शेवटी म्हटलं, एकदा तालमीला जाऊन बसा. कार्यक्रमाला नको, तालमीलाच.

दीड तास बसल्या. घरात विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी तिथे सगळ्यांना थांबवून चेलोवाल्याला सांगत होती, "मी तुझ्या श्वासावर आत येते, आणि तू श्वासच घेत नाहीस." हे वाक्य आईंनी मला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं.

तुमचं मूल केस उघडायलाच टाळत असेल, तालमीच्या दिवशीही पोटात दुखत असेल, तर प्रश्न वेगळा आहे. तिथे वाद्याचा आग्रह बाजूला ठेवून आधी मुलाशी बोला. पण चौघांची तालीम हवीहवीशी आणि एकट्याचा मंच तेवढा नकोसा असेल, तर आधी भीतीवर काम करा, काय सोडायचं ते नंतर ठरवा. घाबरलेलं असताना घेतलेला निर्णय मुलाचा नसतो, भीतीचा असतो.

ही मुलगी आता वर्षाला एक कन्चर्टो तयार करते, उरलेला वेळ क्वार्टेटला देते. परवाच्या कार्यक्रमानंतर आईंनी तिला विचारलं, "सुरुवातीला चेलोच्या वर हळूच कुणीतरी येतं, ती तूच ना?"

तीच होती.