मॉन्स्टरला सरसकट 'राक्षस' म्हणावं का?

प्रश्न असा: टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळांत, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स आणि त्याच्या भावंडांत, 'मॉन्स्टर'साठी मराठीत 'राक्षस' चालेल का, की 'दैत्य' किंवा 'दानव' बरा? जोडीला 'हिट पॉइंट'चा, म्हणजे कुणी किती मार सोसू शकतो त्या आकड्याचा, प्रतिशब्दही विचारला आहे.

सरसकट 'राक्षस' नको. पहिली अडचण अशी, की त्या खेळात राक्षस आधीच हजर आहे. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या मॉन्स्टरांच्या पुस्तकापासून 'राक्षस' याच नावाचा एक ठरावीक मॉन्स्टर त्यात आहे: वाघाचं डोकं, उलटे तळहात, रूप पालटून माणसांत वावरणारा. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या पुस्तकात त्याला ११० हिट पॉइंट आहेत आणि सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याची मर्जी नसेल तर त्याला लागतच नाहीत. तुम्ही "गुहेत राक्षस आहे" म्हणालात, की पुस्तक वाचलेला खेळाडू मंत्र आवरून धरणार आणि समोर येणार ५९ हिट पॉइंटांचा साधा ओगर, म्हणजे नुसता धिप्पाड, मंदबुद्धी गडी. चूक खेळाडूची नाही, शब्दाची आहे.

दुसरी अडचण आवाक्याची. त्या पुस्तकात युनिकॉर्न आहे आणि साधा बेडूकही आहे. बेडकाला राक्षस कोण म्हणेल? 'दैत्य' म्हटलं की मराठी कानाला आधी आकार दिसतो ('दैत्याकार' आठवा), म्हणून तो 'जायंट'साठी राखून ठेवावा. 'दानव' आणि 'असुर' यांत खेळाच्या कामाचा भेद नाही, फीन्डना, म्हणजे पाताळातल्या दुष्टांना, जो आवडेल तो द्या. रानटी जनावरांना 'श्वापद' चपखल बसतो.

नियम लिहिताना मात्र एक नव्हे, दोन शब्द लागतात, आणि इथेच मराठी रूपांतर गडबडू शकतं. 'क्रीचर'मध्ये खेळाडूंची पात्रंही येतात. 'मॉन्स्टर' म्हणजे खेळ चालवणारा हाताळतो ते. क्रीचरला 'जीव' म्हणा, मॉन्स्टरला मॉन्स्टरच राहू द्या. "वीस फुटांतल्या प्रत्येक जीवाला आगीची इजा" असं लिहिलं की सोबतीही भाजणार हे आपोआप कळतं. तिथे 'राक्षस' लिहिलं तर आगीचा गोळा फक्त शत्रूंना निवडून जाळू लागतो आणि खेळाचा तोल जातो.

हे झालं कागदावरचं. टेबलावर बोलताना प्रश्न वेगळा असतो, कारण तिथे नाव घेणं म्हणजे माहिती देणं. २०१४च्या पुस्तकातला ट्रोल दर पाळीच्या सुरुवातीला १० हिट पॉइंट भरून काढतो; आग किंवा आम्ल लागलं तरच पुढच्या पाळीला ते थांबतं. "ट्रोल आहे" म्हटलं की जाणता खेळाडू लगेच मशाल काढतो. "राक्षस आहे" म्हटलं की सगळे तलवारीने कापत बसतात, चार फेऱ्या वाया जातात आणि मॉन्स्टर अभेद्य वाटून चिडचिड होते. त्यापेक्षा पहिल्याच मोठ्या घावानंतर सांगावं: "जखमेच्या कडा एकमेकींकडे सरकतायत. मशालीची ठिणगी उडाली तिथली मात्र काळी पडून तशीच राहिली." नाव नाही, पण तोडगा हातात आला.

मराठीत आणखी एक सोय आहे, ती फुकट घालवू नये. आपल्याकडे क्रियापदच लिंग सांगून टाकतं. "आला" म्हटलं की पुरुष, "आली" म्हटलं की बाई किंवा वाघीण. म्हणून ओळख पटेपर्यंत नपुंसकलिंग धरून ठेवायचं: "दारामागे काहीतरी सरकलं. थांबलं. वास घेतंय." मग नेमक्या क्षणी लिंग बदलायचं: "ती हसली." एवढ्याने टेबल गप्प होतं. मात्र चाहुलीच्या वेळी चुकून एकदा जरी "तो" तोंडून गेला तरी खेळाडू तेवढंच पकडतात, म्हणून टिपणातली वाक्यं आधीच नपुंसकलिंगी लिहून ठेवावीत.

उलट एक खड्डा: 'सापळा'. मराठीत तो उंदराचाही आणि हाडांचाही. "कोपऱ्यात सापळा आहे" म्हटलं की निम्मे खेळाडू कळ शोधायला लागतात. स्केलेटनसाठी 'सांगाडा' आणि ट्रॅपसाठी 'सापळा' अशी वाटणी पहिल्याच दिवशी करून टाका. झोंबीला 'भूत' म्हणू नका. भुताला देह नसतो, झोंबीकडे दुसरं काही नसतं. 'चालतं प्रेत' सरळ आणि पुरेसं आहे.

आता 'राक्षस'पेक्षा जास्त कामाचे शब्द. मुंजा, हडळ, समंध, चकवा, गिऱ्हा: ही नुसती नावं नाहीत, प्रत्येकात जागा आणि वागणूक ठरलेली आहे. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकव्याला तर शरीरच नाही, तो फक्त वाट चुकवतो. लक्षात राहणाऱ्या मॉन्स्टरला हेच लागतं: कुठे असतो, काय करतो, कशाने सुटका होते. हिट पॉइंट नंतर.

गिऱ्हा घ्या. पहिली कल्पना सुचते ती बुडवून मारण्याची, आणि ती फसते. पाचव्या आवृत्तीत श्वास रोखायची मुदत एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनच्या (काटकपणाच्या) बोनसाइतकी मिनिटं, आणि फेरी सहा सेकंदांची. म्हणजे अगदी शून्य बोनसच्या पात्रालाही दहा फेऱ्या मिळतात, आणि लढाई तर तीन-चार फेऱ्यांत आटोपते. तेव्हा बुडण्याची भीती न दाखवता ओढून नेण्याची दाखवावी. काठापासून ५ फुटांत असलेल्याने १३ विरुद्ध स्ट्रेंग्थची फेक करायची, म्हणजे फासा आणि ताकदीचा बोनस मिळून निदान १३ यायला हवेत. हुकली की १५ फूट आत. दुसऱ्या फेरीत आणखी १५, आता तो सोबत्यांच्या मशालीच्या लख्ख उजेडाबाहेर. दोर बांधलेला असेल तर फेकीला दोन फासे टाकून वरचा घ्यायचा. आणि गिऱ्हा पाण्याबाहेर कधीच यायचा नाही, खेळाडूंनी कितीही डिवचलं तरी. तो काठावर येऊन गदा फिरवायला लागला की उरला फक्त ओला ओगर.

हेच शब्द परक्या जगात वापरायचे असतील तर नाव ठेवून वागणूक बदलू नका. झाडावरचा गिऱ्हा मराठी खेळाडूला फसवणूक वाटते. त्यापेक्षा नवं नाव पाडा.

राहिला 'हिट पॉइंट'. 'जीव' वर खर्ची पडला आहे. 'रक्त' नको, कारण नियमांच्या मते त्यात शरीराबरोबर जिद्द आणि नशीबही धरलेलं असतं, प्रत्येक घाव रक्त काढत नाही. 'दम' सर्वांत जवळचा: "किती दम उरलाय?", "दम संपला". दगडी पुतळ्याला दम कसला, हा आक्षेप रास्त आहे, पण 'हिट पॉइंट' तरी त्याला कुठे शोभतो? कागदावर हिट पॉइंट, तोंडी दम, अशी वाटणी चालते. निम्मा दम गेल्याचं मात्र खेळ चालवणाऱ्याने बोलून दाखवावं. चौथ्या आवृत्तीत त्याला 'ब्लडीड' हा वेगळा शब्द होता आणि २०२४च्या नियमांत तो परत आला आहे. मराठीत "निम्म्यावर आलाय" एवढं पुरे, आणि त्याच वाक्यात मॉन्स्टरने काहीतरी बदलावं: पवित्रा, हत्यार किंवा पळायची दिशा.