अर्धवट खोललेली जीप हाती आली, आता पुढे? वाचकांचे प्रश्न

खानदेशात केळीच्या बागा, काळ्या मातीचे शेतरस्ते आणि सातपुड्याचा पायथा यांमुळे जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपांना अजून मागणी आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्या कुणीतरी हौसेने खोललेल्या आणि मध्येच सोडलेल्या स्थितीत विकल्या जातात. या वेळचे बहुतेक प्रश्न अशाच गाड्यांचे आहेत, मुख्यतः महिंद्रा एमएम ५४० आणि तिच्या आधीच्या सीजे (सिव्हिलियन जीप) जातीच्या जीपांचे.

प्रश्न (पाचोरा): एमएम ५४० घेतली. इंजिन बाहेर काढलेले आहे, बाकी सामान चार गोण्यांत. सुरुवात कुठून करू?

कागदांपासून. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर एकच आहे का, हे गंज घासून, खडू फिरवून बघा. पेन्सिलने त्याचा ठसा घेऊन ठेवा, आरटीओत लागतोच. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. मूळ मालक हयात नसेल तर वारसांकडून फॉर्म ३१. नंबरप्लेट धुळ्याची एमएच-१८, जळगावची एमएच-१९, नंदुरबारची एमएच-३९. गाडी जिल्ह्याबाहेरची निघाली तर तिथल्या कार्यालयाला विचारल्याशिवाय पैसे पुरते देऊ नका. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर फॉर्म २५ भरून, तपासणी करून ५ वर्षांसाठी वाढते. इंजिन दुसरे बसवलेले असेल तर त्याची नोंद हवी. ती नसेल तर आधी परवानगीचे बघा, मग पाना हातात घ्या.

आता गोण्या. त्या एकदम ओतू नका. ताडपत्री अंथरून गिअरबॉक्स, ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा दुसरा गिअरबॉक्स), पुढचा एक्सल, ब्रेक, स्टिअरिंग असे वेगवेगळे ढीग लावा आणि काय नाही याची यादी करा. ही यादी सगळ्यात महत्त्वाची, कारण आधीचा माणूस का थांबला ते तिच्यात सापडते. पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफरपासून एक्सल फिरवणारी दांडी) किंवा ट्रान्सफरचे शिफ्टर गायब असतील, तर काम तिथेच अडले होते असे समजा. त्या वस्तूची किंमत आणि मिळण्याची खात्री झाल्याशिवाय बाकीच्या सामानावर खर्च करू नका.

बोल्ट वेगळे करताना एक गोष्ट सांभाळा. महिंद्राने १९४७ मध्ये अमेरिकन विलीज कंपनीच्या जीपा जोडायला घेतल्या, त्यामुळे चेसिस, एक्सल आणि ट्रान्सफरचे जुने बोल्ट इंचाच्या आट्याचे आहेत. एमएम ५४० चे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन मात्र प्यूजोच्या घडणीचे, म्हणजे मिलिमीटरचे. ५/१६ इंचाचा बारीक आट्याचा बोल्ट आणि ८ मिमीचा बोल्ट डोळ्यांना सारखेच दिसतात, पण एकाच्या आट्यातले अंतर साधारण १.०६ मिमी, दुसऱ्याचे १.२५. चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे हाताने जातो, मग अडतो, आणि पान्याने दाबला की हाऊसिंगचे आटे खातो. पान्याचेही तेच आहे. ५/१६ च्या डोक्याला अर्ध्या इंचाचा पाना लागतो. तिथे १३ चा लावला तर थोडा सैल बसतो आणि गंजलेले डोके गोल करून टाकतो. दोन्ही मापांचे पाने वेगळ्या डब्यांत ठेवा आणि अडणारा बोल्ट कधीही रेटू नका.

प्रश्न (चोपडा): डिझेल इंजिन किती तरी वर्षे उभे आहे. बॅटरी लावून स्टार्टर मारू का?

नको. आधी चारही नोझल (डिझेल फवारणारे) काढा, छिद्रांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये २०-२५ मिली डिझेल आणि पातळ ऑइलचे मिश्रण टाका आणि दोन दिवस तसेच ठेवा. मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. अडले तर मागेपुढे हलवा, पाइप लावून जोर करू नका. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की ऑइल आणि फिल्टर बदला. नोझल बाहेर असतानाच स्टार्टर थोडा थोडा मारून आत साचलेले मिश्रण बाहेर फेकू द्या. नोझल बसवून पहिला स्टार्टर मारला आणि आत द्रव राहिला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

टाकी उतरवून धुवा. तळाला पाणी आणि काळा चिकट थर असतो, तो नवीन फिल्टरही दोन दिवसांत बंद करतो. डिझेलच्या लाइनमधली हवा काढताना क्रम सोडू नका: आधी फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलकडचे पाइपचे नट. पंप इनलाइन असेल तर त्याच्या स्वतःच्या ऑइलची पातळी बघा. रोटरी असेल तर तो डिझेलनेच वंगण घेतो, कोरडा फिरवू नका.

हे इंजिन प्रीचेंबरचे, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणारे आहे, त्यामुळे हीटर प्लगशिवाय थंडीत उठत नाही. प्लग जागेवरच ठेवून फक्त त्याची तार सुटी करा आणि बॅटरीच्या प्लसपासून टेस्ट लॅम्प मधे घालून टोकाला लावा. दिवा पेटला नाही तर प्लग मेला. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरची नळी काढून ठेवा आणि हातात जाड फळी असू द्या. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा दांडा) अडकून इंजिन पळत सुटले, तर हवेचे तोंड फळीने बंद करणे हाच उपाय. हाताचा तळवा लावू नका.

प्रश्न (शिरपूर): फोर-व्हील टाकले की गाडी ओढल्यासारखी होते, वळताना पुढून टकटक येते आणि लिव्हर परत निघत नाही. मागचा एक्सल आधीच्या मालकाने दुसऱ्या गाडीचा टाकला आहे असे कळते.

तुमच्या पत्राचे शेवटचे वाक्य हेच बहुधा उत्तर आहे. पुढच्या आणि मागच्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे एक्सलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचा, रेशो वेगळा असावा. या जीपांत नेहमी भेटणारे रेशो तीन: ५.३८, म्हणजे क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८, ४.८८, म्हणजे ३९ आणि ८, आणि ४.२७, म्हणजे ४७ आणि ११. पुढे ५.३८ आणि मागे ४.८८ असले, तर दोन्ही शाफ्ट एकत्र बांधल्यावर चाकांच्या वेगात जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक पडतो. मातीत टायर घसरून तो फरक निभावतो. डांबरावर घसरायला जागा नसते, मग ताण शाफ्टचे क्रॉस, ट्रान्सफरचे गिअर आणि एक्सल यांच्यावर येतो, आणि त्यातले सर्वांत कमजोर जे असेल ते तुटते.

हाऊसिंग न उघडता मोजता येते. गाडी सपाट जागी, गिअर आणि ट्रान्सफर न्यूट्रल. बऱ्याच जुन्या जीपांचा हँडब्रेक ट्रान्सफरमागच्या शाफ्टवर असतो, म्हणून मागचा मोजताना तो सोडावा लागतो. त्या वेळी गाडी धरायला काहीच उरत नाही, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागचे एकच चाक जॅकने उचला आणि एक्सलखाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. दुसरे चाक जमिनीवरच राहील. उचललेल्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. चाक हाताने २० फेरे फिरवा आणि शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजा. एक चाक थांबलेले असल्याने आतला डिफरन्शियल अर्ध्या वेगाने, म्हणजे १० फेरे फिरतो. शाफ्टचे फेरे ५४ ला किंचित कमी आले तर ५.३८, ४९ ला किंचित कमी तर ४.८८, ४३ ला किंचित कमी तर ४.२७. दोनच फेरे फिरवून मोजले तर अंदाज फसतो. पुढचा मोजताना मागच्या चाकांना ठोकळे आणि पुढचे हब (चाक एक्सलला जोडणारे) लॉक.

रेशो वेगळे निघाले तर नुसता क्राउन किंवा नुसता पिनियन बदलू नका. ती जोडी एकत्र घासून बनवलेली असते आणि शिम (पातळ चकत्या) लावून दातांचा ठसा जुळवावा लागतो. हा हात प्रत्येक मेस्त्रीला नसतो. त्याच रेशोचा पूर्ण एक्सल शोधणे बहुतेक वेळा स्वस्त पडते. तो मिळेपर्यंत पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोडून ठेवा.

रेशो सारखे निघाले तर टायर बघा. चारही एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. आणि सगळे जुळले तरी ही गाडी कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये चालवायची नाही, कारण पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये फरक सोसणारा डिफरन्शियलच नाही. तोरणमाळच्या घाटात वळणावर वळण येते, तिथे तर मुळीच नाही. लिव्हर अडकली तर सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घ्या, ताण सुटतो आणि ती निघते.

एक्सल उघडलाच आहे तर तेलाचे सांगून टाकतो. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ प्रतीचे ८०डब्ल्यू-९०, गिअरबॉक्समध्ये जीएल-४. जीएल-५ मधले रसायन गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना खाऊ शकते.

प्रश्न (साक्री): पन्नाशीच्या वेगाला खड्डा लागला की स्टिअरिंग जोरात थडथडते, ब्रेक मारून थांबवावे लागते.

बॅलन्सिंग करून हे जात नाही. पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवा. ढील लागली तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ढील गेली तर ती व्हील बेअरिंगची, राहिली तर किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या पिनची. बेअरिंगचा नट चाक किंचित जड होईपर्यंत आवळून फेऱ्याच्या सहाव्या हिश्श्याइतका सैल करायचा. किंगपिनला मात्र ढील शून्य हवी, शिम कमी करून आवळा. मग टाय रॉडचे बॉल जॉइंट, जुन्या विलीज घडणीत मधला बेल क्रँक, पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्यांचे टोक चेसिसला जोडणारा दुवा). टो-इन शेवटी बघा: दोन्ही चाकांमधले अंतर पुढच्या बाजूला मागच्यापेक्षा १ ते २.५ मिमी कमी. आधीच्या माणसाने उंची वाढवायला शॅकल लांब केले असतील तर किंगपिनचा मागचा कल, जो ३ अंश असायला हवा, तो जातो आणि सगळे नवे टाकूनही थडथड राहते. मूळ मापाचे शॅकल परत बसवा.

प्रश्न (भुसावळ): हिवाळ्यात ठीक, मे महिन्यात काटा लालमध्ये. मेस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाक.

काढू नका. ज्या इंजिनाला बायपास आहे तिथे थर्मोस्टॅट नसला तर पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाताच परत फिरतो आणि उलट जास्त तापते. पातेल्यात पाणी गरम करून, त्यावर छापलेल्या तापमानाला तो उघडतो का ते बघा.

आपल्याकडे ४५ अंशांच्या उन्हात रेडिएटरला चूक परवडत नाही. कापसाचे तंतू आणि धूळ जाळीत पक्की बसते, ती इंजिनाच्या बाजूने पुढे पाणी मारून काढा. आतला थर बोअरच्या पाण्याचा असतो. टोपण काढून नळ्यांची तोंडे पांढरी, बुजलेली दिसली तर पितळी कोर उघडून रॉड मारून घ्या किंवा नवा कोर घाला, आणि पुढे आरओचे पाणी व ३० ते ४० टक्के कूलंट वापरा. इंजिन बदललेल्या गाडीत पंख्याभोवतीचा पत्र्याचा घेर बहुधा फेकून दिलेला असतो. तो करून घ्या, पंख्याची पाती अर्धी त्याच्या आत हवीत. पंखा उलटा बसवलेला नाही ना तेही बघा. उलटा असला तरी हवा त्याच दिशेने ओढतो, फक्त फार कमी, म्हणून लक्षात येत नाही. एवढे करूनही तापले तर थंड इंजिन चालू करून टोपण उघडे ठेवा. सतत बुडबुडे आले तर हेड पॅकिंग गेले.

प्रश्न (नवापूर): आधी रंग-पत्रा करू की ब्रेक? पोरांना गाडी लवकर दाखवायची आहे.

ब्रेक. रंगानंतर ब्रेक केले तर ऑइलचे थेंब रंग उचलतात, तेही एक कारण आहे.

उभ्या गाडीचे ब्रेक ऑइल ओलावा ओढते आणि सिलिंडर आतून गंजतो. चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर उघडा. आतला पृष्ठभाग नखाला लागत असेल तर नुसते रबर किट टाकू नका, सिलिंडर नवा घ्या. पुढचे-मागचे सगळे रबरी होज बदला. धातूचे पाइप स्टीलचेच हवेत, एसीवाल्याची तांब्याची नळी नको. ऑइल डॉट ३. इंजिन ऑइलचा एक थेंबही त्यात गेला तर सगळी रबरे फुगतात.

हवा काढताना लांबच्या चाकापासून सुरुवात: डावे मागचे, उजवे मागचे, डावे पुढचे, उजवे पुढचे. मग पेडल जोरात दाबून एक मिनिट धरा. ते हळूहळू खाली गेले आणि बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तर मास्टर सिलिंडरचे रबर आतून ऑइल सोडते आहे. तो परत उघडा. यांतल्या बऱ्याच जुन्या गाड्यांना ब्रेकची एकच लाइन असते, एक होज फुटला की चारही चाके मोकळी होतात.