तेल कंपनीचा पी/ई एका वर्षी ४०, दुसऱ्या वर्षी ६, मग शेअर नक्की महाग की स्वस्त?

गोंधळ भागाकारात आहे. शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा म्हणजे पी/ई. तेल-वायू कंपन्यांचा नफा कच्च्या तेलाच्या भावाबरोबर हेलकावे खातो, शेअरचा भाव मात्र त्या मानाने कमी हलतो. त्यामुळे मंदीत नफा आटला की पी/ई फुगतो आणि तेजीत तो आकसतो. म्हणजे इथे बऱ्याचदा उलटं वाचावं लागतं: पी/ई ६ दिसला की नफा शिखरावर तर नाही ना, हे आधी बघा.

अमेरिकी तेल कंपनी एक्सॉनमोबिलचंच बघा. २०२० मध्ये कंपनीला सुमारे २२ अब्ज डॉलरचा तोटा झाला (त्यात मालमत्तेचं मूल्य घटवल्याचा वाटा मोठा होता), आणि २०२२ मध्ये सुमारे ५६ अब्ज डॉलरचा नफा. तोट्याच्या वर्षी पी/ई काढण्यात अर्थच नसतो, म्हणून पी/ईच्या आलेखात तिथे खड्डा किंवा रिकामी जागा दिसते. ती माहितीतली चूक नव्हे.

मी स्वतः एका वर्षाच्या नफ्याऐवजी सात-दहा वर्षांचा सरासरी नफा घेऊन भागतो. तेलाचं एक पूर्ण चक्र त्यात येतं. जोडीला रोख प्रवाह आणि कर्जही पाहतो.

वीज वितरण कंपन्यांना हे लावू नका. त्यांचे दर बहुधा नियामक ठरवतो, नफा बराच स्थिर असतो. तिथे पी/ई नेहमीसारखा वाचला तरी चालतो. व्याजदर वाढले की तो साधारण खाली येतो, एवढं लक्षात ठेवा.