दृढीकरण झालेलं नाही, तर चर्चमध्ये लग्न लागेल का?

लागेल. दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा कॅथलिक संस्कार; तो झाला नाही, तेवढ्यावरून लग्न अवैध ठरत नाही. पण कॅथलिक धर्मसंहितेचा नियम १०६५ सांगतो की मोठी अडचण नसेल तर लग्नाआधी दृढीकरण घ्यावं, म्हणून फादर विचारतात.

आधी एक गोष्ट तपासा. तुमचा बाप्तिस्मा जिथे झाला, त्या चर्चमधून नवा दाखला काढा. दृढीकरण झालं असेल तर त्याची नोंद तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीत असायला हवी. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. तुम्ही केरळच्या सिरो-मलबार (पूर्वेकडच्या परंपरेतल्या कॅथलिक) कुटुंबातले असाल, तर कदाचित तान्हेपणीच बाप्तिस्म्यासोबत तो झालेला असेल. आपल्याकडच्या लॅटिन, म्हणजे रोमच्या परंपरेतल्या, चर्चमध्ये मात्र तो मोठेपणी, साधारणपणे बिशपांच्या हातून होतो.

नसेलच झाला, तर फादरांना आजच सांगा. तयारीचे वर्ग असतात आणि बिशपांची तारीख लागते. बिशप येऊ शकत नसतील तर ते एखाद्या धर्मगुरूला अधिकार देऊ शकतात. सोबत एक धर्मपिता किंवा धर्ममाता लागते. आईवडील चालत नाहीत, बाप्तिस्म्याच्या वेळचेच धर्मपिता किंवा धर्ममाता असले तर उत्तम.

माझं मत विचाराल तर लग्नाची अट म्हणून हे उरकू नका. बिशप डोक्यावर हात ठेवतात, कपाळावर पवित्र तेलाने क्रूस काढून पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा देतात. लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या वतीने दुसऱ्यांनी दिलेली वचनं त्या दिवशी आपण स्वतः, आपल्या तोंडाने देतो. संसार सुरू करताना ही शिदोरी फार मोलाची आहे.