बँकॉकमध्ये पहिला फ्लॅट घेण्यापूर्वी

बँकॉकमध्ये फ्लॅट घेण्याचा तुमचा विचार चांगला आहे. मात्र करांच्या खोलात आत्ताच शिरू नका, आधी मोजक्या गोष्टी पक्क्या करा.

थायलंडमध्ये परदेशी व्यक्तीला सहसा जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही. कॉन्डोमिनियममधील, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची स्वतंत्र मालकी नोंदवता येते अशा इमारतीतील, फ्लॅट घेता येतो, पण सदनिकांच्या एकूण क्षेत्रफळापैकी परदेशी मालकीसाठी असलेला ४९ टक्के वाटा भरलेला नसेल तरच. म्हणून इसार देण्याआधी इमारतीच्या व्यवस्थापनाकडून तसे लेखी घ्या. मालकीहक्क समजून केलेला व्यवहार प्रत्यक्षात ३० वर्षांचा भाडेपट्टा निघणे, ही नवख्यांची नेहमीची फसगत.

पैसे परकीय चलनातच तेथील बँकेत पाठवून तिच्याकडून तसा दाखला घ्या, कारण नोंदणीच्या वेळी भूमी कार्यालय तो मागते. भारतातून पाठवताना रिझर्व्ह बँकेची माणशी २,५०,००० डॉलरची वार्षिक मर्यादाही लक्षात ठेवा.

किमतीबाबत माहितीपत्रकावर विसंबू नका. त्याच इमारतीतील जुने फ्लॅट पुनर्विक्रीत कितीला मिळतात ते विचारा. नव्या प्रकल्पाचा भाव पुष्कळदा फुगवलेला असतो. बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर ऑन नुट या उन्नत रेल्वेच्या स्थानकालगतची इमारत आणि तिथूनच लांब गल्लीत आत असलेली इमारत यांच्या भाड्यात मोठा फरक पडतो. दलालाची ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ बहुधा मोटारसायकल टॅक्सीची असतात, तेव्हा भर दुपारी स्वतः चालून पाहा.

दैनंदिन भाड्याच्या उत्पन्नावर हिशेब मांडू नका. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने फ्लॅट देणे तेथील हॉटेल कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते.