चुकून गोळी सुटली म्हणून पिस्तुलाचा परवाना रद्द झाला, हायकोर्टातून परत मिळतो का?

तुम्ही लिहिलंय की पिस्तूल साफ करताना गोळी सुटली, घरातलाच माणूस जखमी झाला, जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना रद्द केला आणि आता थेट हायकोर्टात जायचा विचार आहे. मी वकील नाही, पण या सगळ्यातून गेलोय म्हणून सांगतो.

माझं .३२ चं पिस्तूल होतं. मॅगझिन काढून टेबलावर ठेवलं आणि डोक्यात पक्कं बसलं की झालं, आता रिकामं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला जिथून गोळी सुटते तिथं, एक गोळी तशीच होती. स्लाइड मागे ओढून आत बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही, बघितलं नाही एवढंच. गोळी फरशीवर आपटून चुलतभावाच्या पोटरीत गेली. तो वाचला, पण अजून सोडत नाही मला, २०२४ च्या ऑक्टोबरात अभिनेता गोविंदाच्या पायात स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली तेव्हा पहिली बातमी यानेच पाठवली, खाली नुसता हसणारा इमोजी.

पुढं एफआयआर, पंचनामा, पिस्तूल मुद्देमालात, आणि दोन महिन्यांनी अर्ध्या पानाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने परवाना रद्द. ना नोटीस, ना सुनावणी.

मीही तुमच्यासारखाच तडक हायकोर्टात रिट टाकली, म्हणजे सरकारी आदेशाला आव्हान देणारी याचिका. न्यायमूर्तींचा पहिलाच प्रश्न, अपील केलं का? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १८ खाली अपील आहे, ते सोडून इकडे कशाला आलात. चार महिने फुकट गेले. अपील केलं, ते दोन ओळींत फेटाळलं, मग पुन्हा रिट. आणि हो, अपील टाकलं म्हणून आदेश थांबत नाही, स्टे (स्थगिती) वेगळा मागावा लागतो, तोवर हत्यार जमाच.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही सज्जन आहात का, गोळी खरंच चुकून सुटली का, हे हायकोर्ट नव्याने तपासत बसत नाही. ते बघतं आदेश कसा काढला ते. म्हणणं मांडायची संधी दिली का, कलम १७(३) मधल्या कुठल्या कारणाखाली रद्द केला, आणि त्या कारणाला कागदावर काही आधार आहे का. १७(५) प्रमाणे कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि तुम्ही मागितली तर त्यांचा थोडक्यात गोषवारा द्यावा लागतो (सार्वजनिक हिताचं कारण सांगून नाकारू शकतात), म्हणून आधी लेखी अर्ज करून तो मागा. माझ्या केसमध्ये सरकारी वकिलांनी प्रतिज्ञापत्रात भरपूर कारणं लिहून आणली होती, आमच्या वकिलांनी मोहिंदर सिंग गिलचा १९७७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढे केला, की आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, मागाहून ठिगळं लावता येत नाहीत. आदेश रद्द झाला.

घरी पेढे आले, खरं तर यायला नको होते. कारण परवाना मिळाला नव्हता, प्रकरण फक्त फेरसुनावणीसाठी त्याच ऑफिसात परत गेलं होतं. तिथं माझाच जुना खुलासा समोर आला, घाबरून लिहिलेला, "पिस्तूल आपोआप उडाले". आणि बॅलिस्टिक रिपोर्ट, म्हणजे हत्याराच्या तांत्रिक तपासणीचा अहवाल, म्हणत होता हत्यार सुस्थितीत आहे, ट्रिगर दाबल्याशिवाय फायर होत नाही. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार? नवा आदेश चार पानांचा आला, परवाना रद्दच, पण या वेळी प्रत्येक मुद्द्याला कारण होतं. वकील म्हणाले आता यात दम नाही. फौजदारी केसमध्ये मी नंतर सुटलो, तरी परवाना आपोआप परत आला नाही, ते प्रकरण वेगळं चालतं.

त्यामुळे खुलासा अजून दिला नसेल तर चूक झाली ती झाली असं सरळ लिहा, आणि नंतर काय बदललं, कुलूपबंद कपाट वगैरे, त्याची बिलं जोडा. अपिलाचे ३० दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजतात, तेव्हा ज्या पाकिटातून आदेश आला ते पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का त्यावरच असतो.